विरजणाला नकार नसतो

सुटकेचं तेविसावं वर्ष होतं. म्हणजे पृथ्वीवरच्या कंपनीने अंग काढून घेतलं आणि या चंद्रावरच्या पाचही वसाहती आपापल्या मुखत्यार झाल्या, त्याला तेवीस वर्षं झाली होती. मी हौदात गुडघाभर पाण्यात उभी राहून शेवाळ ढवळत होते. हैबतीअण्णा जिना उतरून खाली आले. आमच्या काळघळीचे ते प्रमुख. एरवी निरोप धाडायचे. त्या दिवशी स्वतः आले, तेव्हाच मी पळी बाजूला ठेवली.

"मथुरे, माथ्यावरची गाडी आलीय," ते म्हणाले.

"बर्फ न्यायला अजून अवकाश आहे त्यांना."

"बर्फाला नाही आले. भांडं घेऊन आलेत."

भांडं घेऊन येणं म्हणजे काय, ते आमच्याकडे पोरासोरांनाही कळायचं. हौदातल्या हिरव्या शेवाळावर आमचा श्वास चालायचा. एखाद्या वसाहतीचं शेवाळ मेलं, तर शेजारच्या वसाहतीने आपल्यातलं थोडं द्यायचं; ते वाढवून पुन्हा हौद भरायचे. त्याला आम्ही विरजण म्हणायचो. आमच्या आज्या पृथ्वीवरून येताना पुष्कळ काही मागे ठेवून आल्या, पण शेजारीण विरजण मागायला आली तर तिला रिकाम्या हाताने धाडायचं नाही, ही रीत बरोबर घेऊन आल्या. पुढे पाच वसाहतींची सभा भरली तेव्हा तिचा पहिला कायदा तोच झाला. विरजणाला नकार नसतो. जो नकार देईल, त्याच्याशी बाकीच्यांनी देणंघेणं तोडायचं.

"कोण आलंय?" मी विचारलं.

"मार्तंडराव."

मी हौदातून बाहेर आले, पाय पुसले. पुसलेले पाय परत पुसले.

"द्यायचं तर आहेच," अण्णा म्हणाले. "तोंड कसं ठेवायचं ते तू बघ."

"तोंड माझं जागच्या जागी आहे, अण्णा."

दोन हवाबंद दारांच्या मधल्या खोलीला आम्ही पडवी म्हणायचो. मागणाऱ्याने पडवीत उभं राहायचं आणि विरजण सांभाळणारीने येऊन त्याच्या हातातलं भांडं घ्यायचं, अशी पद्धत. विरजण सांभाळणारी मी होते.

उजेडमाथा आमच्या डोक्यावर होता. तिथे ऊन मावळत नाही. आमच्या घळीत ते कधी उतरत नाही. म्हणून माथ्याने मोठाले आरसे लावून खाली उजेड पाठवायचा आणि घळीने वर बर्फ द्यायचा, असा करार. माथ्यावरची माणसं आम्हाला वटवाघळं म्हणत. आम्ही त्यांना पापड म्हणायचो. मुलांची नावंसुद्धा ते सूर्याचीच ठेवत. आणि खाली आले की पहिली घटकाभर ठार आंधळे असत. मार्तंडराव भिंतीला हात लावून उभे होते. उंच, ताठ, कानशिलावर पांढरे झालेले केस. बरोबर त्यांची सून सविता होती. माथ्याचे हौद ती बघायची. भांडं तिच्याच हातात होतं.

"नमस्कार, मथुराबाई," मार्तंडराव म्हणाले. "फारच अंधार हो तुमच्याकडे."

"तुम्ही पाठवाल तेवढाच उजेड असतो आमच्याकडे."

"पायरी आहे, मामंजी," सविता म्हणाली.

"दिसतेय मला," ते म्हणाले, आणि अडखळले.

मी भांडं घेतलं. चांगलं मोठं होतं. सविताचे डोळे सुजलेले होते. तिने सांगितलं की हौदांना बुरशी लागली, आधी कडेने, मग सगळीकडे. खडकाळी वसाहत लांब. तिथून आणेपर्यंत साठवलेली हवा पुरणार नाही. "दोनशे माणसं आहेत, मावशी," ती म्हणाली. मावशी ऐकून मला बरं वाटलं नाही. पोरगी चांगली होती, म्हणून तर नाही वाटलं.

त्या दोघांना हौदखान्याकडे नेताना वाटेत एक बंद दार लागलं. सविताने त्यावर कोरलेली नावं वाचली आणि मान खाली घातली. मार्तंडराव सरळ पुढे गेले. ते बालघर होतं. त्याबद्दल आता सांगायला हवं.

चौदाव्या वर्षी आम्ही थोडा बर्फ खडकाळीला द्यायला लागलो. माथ्याला ते रुचलं नाही. घळीचा बर्फ माथ्यालाच, असं त्यांचं म्हणणं. मार्तंडराव तेव्हा आरशांचे कारभारी होते. एके दिवशी आमचा उजेड गेला. आरसा वरच्या हौदांकडे वळला आणि तिथेच राहिला. आम्ही बिनतारीवरून ओरडत होतो. वरून उत्तर यायचं: खीळ अडकली आहे, काम चालू आहे. उजेड गेला तशी वीज गेली, पंखे मंदावले, हौद काळे पडत चालले. बालघर सगळ्यात खाली होतं, कारण खाली ऊब असते, आणि मुलं उबेला बरी झोपतात. पण वापरलेली हवा जड असते. पंखा नसला की ती खाली साचते. हे आमच्याही ध्यानात उशिराच आलं. अकरा मुलं गेली. माझी बकुळ त्यात होती. सहा वर्षांची. तिला 'च' म्हणता येत नसे, चांदणीला तांदणी म्हणायची.

नवव्या दिवशी खीळ निघाली. सभेने चौकशी केली. मार्तंडरावांनी शपथेवर सांगितलं की खीळ अडकली होती, आणि घळीच्या खोल्या कशा आहेत, जड हवा कुठे साचते, याची माथ्यावर कोणाला कल्पना नव्हती. अपघात म्हणून प्रकरण मिटलं. पुढच्या वर्षी माथ्याने मार्तंडरावांना प्रमुख केलं.

हौदखान्यात त्यांना बाकावर बसवून मी भांडं उकळत्या पाण्याने धुऊन घेतलं. सविता हौदावर वाकून बघत होती.

"रंग केवढा गडद आहे," ती म्हणाली. "आमचं पोपटी असतं."

"आमचंही पोपटीच होतं," मी म्हटलं. "अंधारात सगळं मेलं. त्या कोपऱ्यातल्या हौदाच्या तळाशी बोटभर जिवंत राहिलं, ते हे. अंधारात टिकणारं तेवढंच वाचलं." मग मी मार्तंडरावांकडे वळून म्हणाले, "तुम्हीच सवय लावलीत त्याला, राव."

"जुनं उकरण्यात काय हशील, बाई," ते म्हणाले. "मलाही वाईट वाटलंच होतं."

"एक विचारू?"

"विचारा."

"खीळ खरंच अडकली होती?"

सविता हौदावरून सरळ झाली. हैबतीअण्णा दारात होते, त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. मी मार्तंडरावांच्या तोंडाकडे बघत राहिले. एव्हाना त्यांचे डोळे सरावले होते, त्यांना मी नीट दिसत होते. हा माणूस माझ्या दारात भांडं घेऊन आला होता, घरची दोनशे माणसं शेवटच्या श्वासाला टेकली होती. खरं बोलायला याहून चांगली वेळ माणसाला मिळत नाही.

"अडकली होती," ते म्हणाले. "सभेपुढे सांगितलंय मी."

"बरं," मी म्हटलं.

मी भांडं काठोकाठ भरलं. रीतीप्रमाणे पहिला घोट स्वतः प्यायले, म्हणजे यात विष नाही. झाकण लावून सविताच्या हातात दिलं. आणि मग हसले. माझं हसणं त्या घळीत कोणी नऊ वर्षं पाहिलं नव्हतं.

"आता नीट ऐका," मी मार्तंडरावांना म्हटलं. "याला तुमचं ऊन सोसणार नाही. हौदात टाकलंत की तुमचे सगळे आरसे हौदांवरून काढा. कडेकडेने येईल तेवढा उजेड त्याला पुरे. तीन महिने असं ठेवा. मग एकेक आरसा परत आणा."

"काढून कुठे वळवू?"

"आरशांना खाचा दोनच आहेत ना? एक तुमच्या हौदांची, दुसरी आमच्या घळीची. मग आमच्याकडे वळवा."

"सगळे?"

"सातच्या सात."

"कापड घातलं तर, मावशी? हौदांवर?" सविताने विचारलं.

"कापड तापतं. खाली शेवाळ शिजेल."

मार्तंडरावांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं बाजारात दामदुप्पट भाव सांगणाऱ्याकडे बघतात. "म्हणजे आमच्या घरात तीन महिने अंधार," ते सावकाश म्हणाले, "आणि तुमच्या घरात सात आरसे."

"हो," मी हसतच म्हटलं. "गंमतच आहे, नाही?"

"चांगली आहे गंमत."

"तुमच्या पोरांना तेवढं वरच्या खोलीत झोपवा."

हैबतीअण्णा दारातून म्हणाले, "मार्तंडराव, ती सांगतेय ते—"

"मला कळलं, अण्णा, ती काय सांगतेय ते." ते उठले. "विरजण दिलंत, उपकार झाले. सल्ल्याचं आम्ही बघून घेऊ. चला, सूनबाई."

सविता जरा रेंगाळली. "मावशी, खरंच असं करायचं?" तिने हळूच विचारलं.

"मी जे सांगितलं त्यातलं अक्षर खोटं नाही. अण्णा साक्षी आहेत. तूही आहेस."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पडवीतून मार्तंडरावांनी हाक मारली आणि ती गेली.

गाडी घाट चढून गेल्यावर अण्णा परत आले. फळीवरच्या कपाटाचं दार त्यांनी उघडलं. आत माझ्या दोन बाटल्या होत्या. एकीतलं शेवाळ सावलीत वाढवलेलं, गर्द हिरवं. दुसरी मी वर घळीच्या तोंडाशी, आमच्या आरशाच्या थेट झोतात धरून ठेवली होती. तिच्यात पांढरं पाणी होतं. ताक कसं असतं, तसं. ही परीक्षा मी मागेच करून ठेवली होती आणि अण्णांना ती ठाऊक होती.

"या का नाही दाखवल्यास?"

"त्याने सभेला खीळ दाखवली होती?"

"मथुरे, दोनशे माणसं आहेत वर."

"मी खरं सांगितलं, अण्णा."

"तो खरं मानणार नाही अशा तऱ्हेने सांगितलंस."

"त्याच्या जागी दुसरं कोणी असतं तर मानलं असतं. मी त्याच्या मनात काही घातलं नाही. संशय त्याचा तोच घेऊन आला होता."

अण्णांनी त्याच दिवशी बिनतारीवर स्वतः बसून बाटल्यांची हकिकत वर कळवली. मार्तंडरावांचं उत्तर मी मागे उभी राहून ऐकलं. "मी समोर होतो तेव्हा बाटल्या नव्हत्या, अण्णा. मी घरी पोचलो तशा निघाल्या का? सात आरसे पाहिजेत तर सभेत मागा. विरजणाच्या नावाने मागू नका." आणि त्यांनी यंत्र बंद केलं. ते अण्णांना खोटारडे समजले. कारण त्यांच्या हातात दुसऱ्याच्या जिवाची किल्ली असती, तर त्यांनी तिची किंमत केली असती. केली होतीच एकदा. सगळ्यांकडे तोच ताजवा असतो असं त्यांना वाटे.

अण्णा मग माझ्याशी बोलेनासे झाले. मी माझं काम करत होते. मला भूक नीट लागत होती, झोपही.

माथ्यावर काय झालं ते सविताने नंतर सांगितलं. विरजण हौदात टाकलं. लवकर वाढावं म्हणून मार्तंडरावांनी आमच्या वाट्याचा आरसासुद्धा थोडा वेळ उसना म्हणून हौदांवर घेतला. तिने हात जोडले, एक हौद तरी सावलीत ठेवा म्हणाली. "त्या बाईने तुला भुलवलंय," ते म्हणाले, "तिची पोर गेलीय, ती आपलं बरं कशाला चिंतेल?" चार दिवसांत हौद पांढरे पडले.

आम्हाला ते वेगळ्या तऱ्हेने कळलं. घळीत अचानक उजेड आला. रोजच्यासारखा एका आरशाचा नाही. सातांचा. खाली पोचेपर्यंत तो पसरून दुधासारखा मऊ झाला होता, आणि आम्ही सगळे कामं टाकून भिंतींचे रंग बघत उभे राहिलो. आमच्या भिंती पिवळ्या होत्या हे मला तेव्हा कळलं. बिनतारीवर सविताचा आवाज आला. "मावशी, आरसे मी वळवलेत. हवा संपत आलीय. आम्ही खाली येतोय, सगळे."

मी हौदांचे सगळे पाट उघडले. एवढ्या उजेडात आमचं शेवाळ दोन वसाहतींना पुरेल इतकी हवा करणार होतं. अण्णा कितीतरी दिवसांनी माझ्याशी बोलले. "दारावर तू उभी राहशील?"

"राहीन."

माणसं दिवसभर येत होती. गाड्यांतून, पायी, पाठीवर हवेच्या टाक्या, कडेवर पोरं. डोळे चोळत पडवीत यायची, आणि मी प्रत्येकाला जागा सांगायची. हे कुटुंब वरच्या आळीत, ते बर्फकोठीजवळ, पोरं माझ्या खोलीत. वाटेत दोन म्हातारी माणसं गेली. त्यांना पडवीत आणून निजवलं. मी त्यांची नावं विचारून घेतली.

मार्तंडराव शेवटच्या गाडीतून आले. पडवीत त्यांचीच माणसं दाटीने उभी होती. कोणी सरकून जागा केली नाही. सविता माझ्या शेजारी उभी होती.

"या, राव," मी म्हटलं. "तुमची जागा राखून ठेवलीय. जिन्याने खाली जा, नावं कोरलेलं दार. खोली चांगली आहे, ऊब असते. आज सकाळीच उघडली."

ते हलले नाहीत.

"काय झालं?"

"दुसरीकडे कुठेही द्या. इथे बसेन मी. पडवीत."

"का? तिथे खाट आहे, पंखा आहे."

"पंखा बंद पडला तर..." ते म्हणाले. प्रवासाने दमलेले होते, आणि मरणाचं भय अजून त्यांच्या अंगात होतं. नाहीतर बोलले नसते. "खाली नको. जड हवा आधी तिथेच भरते, कंपनीच्या वेळेपासून ठाऊक आहे."

पडवीतल्या माना त्यांच्याकडे वळल्या. मला बोलायचं कामच उरलं नव्हतं.

"मामंजी," सविता म्हणाली, "तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत होतं ते."

"सभेपुढे शपथेवर तुम्ही सांगितलं होतं, माथ्यावर कोणालाही माहीत नाही म्हणून. मी तेव्हा लग्न होऊन नुकतीच आले होते. तुम्ही घरी येऊन सांगितलंत, आपल्याला कल्पनाच नव्हती, पोरी. आणि मी रडले होते तुमच्यासाठी."

मार्तंडरावांनी भिंतीला हात टेकला.

"खीळ खरंच अडकली होती?" तिने विचारलं. मी विचारलं होतं त्याच शब्दांत.

त्यांनी आपल्या माणसांकडे एकदा पाहिलं. उत्तर आलं ते फार हलकं आलं. "त्यांना चार दिवस अंधारात बसवायचं होतं फक्त. मग शरण येतील असं वाटलं. ते येईनात, तर मी कसा वळवणार? माथ्याचा शब्द गेला असता."

एका म्हातारीने पायातला जोडा काढून हातात घेतला. तिला दुसरीने धरलं. मग एकेक जण त्यांच्याजवळून आत निघून गेला. सविता सगळ्यात शेवटी गेली.

"पंखा बंद पडणार नाही," मी त्यांना म्हटलं. "आरसे तुमच्या सुनेने वळवलेत, आणि आता त्यांच्याजवळ कोणी नाही." आणि मीही आत गेले.

ते तीन महिने पडवीतच राहिले. त्यांचं ताट मी स्वतः नेऊन ठेवायची. दुसऱ्या कोणाला ते काम मी दिलं नाही.

दुसरं विरजण माथ्याच्या हौदांत सावलीत लागलं आणि माणसं वर परत गेली. सभेत मार्तंडरावांचं प्रकरण पुन्हा काढावं, ही मागणी माथ्यानेच केली. पाचांपैकी एकाही वसाहतीने त्यांना घर द्यायचं नाही, असं ठरलं. नकार नसतो तो विरजणाला, माणसाला असतो. बर्फ वाहणाऱ्या गाड्यांवर ते राहिले, या दारातून त्या दारात, पडवीच्या पुढे कुठेही नाही. असे सोळा वर्षं जगले.

सविता माथ्याची प्रमुख झाली. आरशांची दुसरी किल्ली तिने घळीला आणून दिली आणि तसा करार लिहून घेतला. ती दर वर्षी खाली येते, बालघराच्या दारापाशी जरा थांबते. आता त्या दारावर तेरा नावं आहेत. शेवटची दोन मी कोरली. अक्षर चांगलं आलं नाही.

हैबतीअण्णा त्यानंतर माझ्याशी बोलायचे, हसायचे, पण हौदखान्यात पुन्हा कधी उतरले नाहीत. ते गेले तेव्हा त्यांच्या उशाशी मी होते, आणि त्यांनी दुसऱ्या कोणाच्या तरी हातचं पाणी मागितलं.

मार्तंडराव खडकाळीच्या वाटेवर गेल्याची खबर आली, तेव्हा मी पंचावन्न ओलांडली होती. सांगायला आलेली मुलगी घुटमळत उभी होती. मला काय वाटेल याची तिला काळजी होती. मी तिला बस म्हटलं. चहा ठेवला आणि दोघींच्याही कपात साखर सढळ हाताने घातली.